चौथी पातळी पास, पुढे काय? मँडरिन शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र

पुण्यामुंबईत, नाशिक-नागपुरात मँडरिनचे क्लास चालवणाऱ्या सर्व सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातल्याच एकांची जुनी विद्यार्थिनी. पुण्यात संध्याकाळच्या बॅचला मँडरिन शिकले, एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी पास झाले आणि आता तैपेईच्या एका विद्यापीठात समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. तैवानला येणारी बहुतेक भारतीय मुलं विज्ञान-अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत संशोधनाला येतात. त्यांचं काम इंग्रजीवर भागतं, मँडरिन लागते ती भाजी घ्यायला आणि घरमालकाशी बोलायला. ज्यांचा अख्खा तासच मँडरिनमध्ये होतो असे आम्ही मोजके. पण आहोत, आणि आमच्यातले बरेच जण तुमच्याच क्लासांतून आलेत.

माझ्या क्लासचं नाव घेणार नाही. कुणा एकाबद्दल हे बोलणं नाही, आणि ज्यांनी मला पहिले चार सूर (मँडरिनमध्ये सूर बदलला की शब्दच बदलतो) घोटून घेतले त्यांच्याबद्दल मनात रागही नाही. पण एक गोष्ट तोंडावर सांगायला हवी. तुम्ही आम्हाला परीक्षेला बसायला शिकवता, वर्गात बसायला नाही.

तुमची बाजू मला कळते. तुमच्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा नोकरीसाठी येतो. चाकणला सॅनी या चिनी कंपनीचा कारखाना आहे, रांजणगावला हायरचा. अशा ठिकाणी दुभाषा लागतो, चिनी पुरवठादाराशी फोनवर बोलू शकणारा माणूस खरेदी विभागाला लागतो. बायोडेटात पातळीचा आकडा दिसला की मुलाखतीचं बोलावणं येतं. फी भरणाऱ्याला जे हवं ते तुम्ही देता, त्यात गैर काही नाही. मात्र त्याच बॅचमध्ये एखाद-दोन मुलं पदवी करायला निघालेली असतात. त्यांनाही तुम्ही तेच पुस्तक, तीच सरावपत्रिका आणि तोच धीर देता: चौथी झाली ना, आता काही अडचण नाही. अडचण तिथूनच सुरू होते.

चौथ्या पातळीत काय असतं हे तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण हे पत्र पालकही वाचतील म्हणून लिहिते. सहा पातळ्यांच्या रचनेत चौथीला १२०० शब्द. प्रश्न शंभर: ४५ ऐकण्याचे, ४० वाचनाचे, १५ लेखनाचे. बोलण्याचा एकही नाही. बोलण्याची परीक्षा वेगळी असते, एचएसकेके नावाची; आमच्या बॅचमध्ये तिचा विषयसुद्धा कुणी काढला नाही. संगणकावर परीक्षा दिली तर लेखनही कळफलकावरच होतं. पिनयिन, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेला चिनी उच्चार, टाइप करायचं, समोर अक्षरांची रांग येते, त्यातलं बरोबर ते निवडायचं. म्हणजे तोंड न उघडता आणि पेन न धरता माणूस चौथी पातळी पास होऊ शकतो. चीनने २०२१ मध्ये जे नवं नऊ पातळ्यांचं मानक आणलं, त्यात शेवटपर्यंत पोचायला ११,०९२ शब्द लागतात. १२०० कुठे आणि ११,०९२ कुठे! मधल्या दरीबद्दल क्लासमध्ये अवाक्षर निघत नाही, आणि विद्यापीठाचे तास नेमके त्या दरीत भरतात.

आधी कानांचं बोलते. परीक्षेची ध्वनिफीत स्टुडिओतली. एक बाई, एक पुरुष, दोघांचे उच्चार घासूनपुसून लख्ख. माझे एक प्राध्यापक अर्धं वाक्य फळ्याकडे तोंड करून बोलतात, उरलेलं अर्धं स्वतःच्या विनोदावर हसत पूर्ण करतात. त्यात तैवानी उच्चार. आपण शिकतो की दहा म्हणजे 'श' आणि चार म्हणजे 'स'. इथे कित्येक जण 'श'साठी जीभ मागे वळवतच नाहीत, दोन्हीकडे 'स'च. मग उरतो फक्त सूर: दहाचा चढता, चाराचा पडता. चौदा म्हणजे दहा-चार, चाळीस म्हणजे चार-दहा, म्हणून 'पान चौदा' की 'पान चाळीस' हे ठरतं ते सूर आधी चढला की आधी पडला यावर. शेजारच्या मुलीचं पुस्तक कुठे उघडलंय ते बघणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. शिवाय बोलता बोलता प्राध्यापक तैवानी बोलीत घुसतात. 'फाइ-से' म्हणजे 'माफ करा' हे बसमध्ये ऐकून कळलं, पण एखादी पूर्ण म्हण त्या बोलीत आली आणि वर्ग हसला की आपणही हसायचं, एवढंच हातात राहतं.

यावर उपाय अवघड नाही. आठवड्यातला एक तास ध्वनिफीत बंद ठेवा. तैवानच्या, सिचुआनच्या, मलेशियाच्या माणसांचं खरंखुरं बोलणं ऐकवा. बातम्या नकोत, बातम्याही घासूनपुसूनच असतात. भाषणं ऐकवा, मुलाखती ऐकवा, जिथे माणूस अडखळतो, वाक्य अर्धवट सोडतो आणि मध्येच दुसरं सुरू करतो. पहिल्यांदा काही कळणार नाही. ते क्लासमध्येच झालेलं बरं.

दुसरं म्हणजे तैवान आणि चीन. तुमच्यापैकी बहुतेक जण सोपी केलेली अक्षरं शिकवता, चीनमध्ये चालतात ती. तैवानात जुनी पारंपरिक अक्षरं चालतात. हा फरक विचारला की उत्तर मिळतं, 'एकदा एक आलं की दुसरं येतंच.' येतं, खोटं नाही. डोळा सरावायला एक सत्र लागतं. पण तेच सत्र तर पहिलं असतं, आणि त्याचे गुण प्रगतिपुस्तकात कायमचे बसतात. यात एक गंमत आहे जी मला इथे येईपर्यंत कुणी सांगितली नव्हती. फळ्यावर घाईत लिहिताना तैवानी माणसंही अक्षरं छाटतात. तैवान आणि तैपेईच्या नावातलं पहिलं छापील अक्षर १४ रेघांचं, पण हाताने सगळे ५ रेघांचंच लिहितात, म्हणजे चीनमध्ये छापतात तेच. त्यामुळे सोपी अक्षरं शिकून आलेल्याला कधीकधी फळा वाचता येतो आणि हातातलं पुस्तक वाचता येत नाही.

खरी ठेच लागते ती शब्दांना, कारण तिथे अक्षर ओळखीचं आणि अर्थ भलताच. आम्हाला संख्याशास्त्राचा एक पेपर सक्तीचा आहे. तक्त्यातली आडवी ओळ चीनमध्ये 'हांग' आणि उभा रकाना 'लिए'. तैवानात बरोबर उलट: उभं ते 'हांग', आडवं ते 'लिए'. प्राध्यापक म्हणतात तिसरी 'हांग' बघा, सगळा वर्ग वरून खाली बघतो आणि पुण्यात शिकलेला माणूस डावीकडून उजवीकडे. आकडे दोन्हीकडे असतातच, त्यामुळे आपलं काही चुकतंय असा संशयही येत नाही. सॉफ्टवेअर, इंटरनेट, माहिती, प्रकल्प या सगळ्यांना दोन्हीकडे वेगवेगळे शब्द आहेत. या शंभरेक शब्दांची दोन रकान्यांची यादी (उभ्या रकान्यांची!) कुणीही एका रविवारी करू शकेल. तैवानला जाणाऱ्या मुलाच्या हातात ती विमानात बसण्याआधी असायला हवी.

आणि तैवानला जाणारे आता आहेत, हे लक्षात घ्या. २०२० च्या मार्चअखेर चीनने परदेशी विद्यार्थ्यांना दारं बंद केली, ती भारतीय विद्यार्थ्यांसाठी उघडायला २०२२ चा ऑगस्ट उजाडला. इतका काळ ज्यांचं शिक्षण लटकलं त्यांच्या धाकट्या भावंडांनी दुसरीकडे बघायला सुरुवात केली तर नवल नाही. २०२० च्याच जुलैत नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्याच्या मसुद्यात परदेशी भाषांमध्ये चिनीचं नाव होतं, अंतिम धोरणात ते गायब झालं. शाळांनी हात काढून घेतल्यावर ही भाषा शिकवण्याचा भार उरतो तो मुख्यतः तुमच्यासारख्या लहान-मोठ्या क्लासांवर. म्हणूनच हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

तिसरी गोष्ट, नावं. ही अडचण क्लासमध्ये बसून सुचणारच नाही. समाजशास्त्राच्या पहिल्या तासाला प्राध्यापक 'थू-अर-कान'बद्दल बोलत राहिले. कुणीतरी मोठा चिनी विचारवंत असणार, असं मी वहीत लिहून ठेवलं. तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम निघाला. मार्क्स 'मा-ख-स', वेबर 'वेइ-पो', फुको 'फू-ख'. आणि फुकोचं नाव चीनमध्ये वेगळ्या अक्षरांत आणि वेगळ्या सुरात लिहितात, ते आणखी निराळं. विद्यापीठातला कुठलाही विषय घ्या, त्याचं निम्मं ओझं माणसांच्या नावांवर असतं, आणि नावं कुठल्याच पातळीच्या शब्दसंग्रहात नसतात.

पुढे जातिव्यवस्थेवर बोलायची पाळी माझ्यावरच आली. वर्गात एकटी भारतीय, त्यामुळे ते होणारच होतं. जातीला 'चोंग-शिंग' म्हणतात हे मला ठाऊक होतं. आंबेडकरांना काय म्हणतात हे ठाऊक नव्हतं. महाराष्ट्रात वाढलेली मुलगी, आणि ज्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय या विषयावर एक वाक्य बोलता येत नाही ते नाव मला त्या भाषेत घेता येईना! शेवटी ग्रंथालयात शोधून काढलं: 'आन-पेइ-खा'. तीन अक्षरं वहीच्या पानभर लिहून घोटली. वर्गात ते नाव घेतलं तेव्हा प्राध्यापिकाबाईंनी मान डोलावली आणि फळ्यावर स्वतःच्या हाताने ती तीन अक्षरं लिहिली, तेव्हा छाती भरून आली हे कबूल करते. तुमच्या क्लासमध्ये गांधी आणि टागोर शिकवत असाल तर त्यांच्या शेजारी हेही नाव घाला. शाहू, फुले, रमाबाई यांचं कसं करायचं तेही मुलांना शोधायला लावा. परदेशी वर्गात मराठी मुलाला आज ना उद्या आपल्याच मुलखाबद्दल विचारलं जातं.

आकड्यांचं थोडक्यात. आपण हजारानंतर लाखावर उडी मारतो, ते दहा हजाराला थांबतात. 'वान' म्हणजे दहा हजार, 'यी' म्हणजे दहा कोटी. तैवानची लोकसंख्या सुमारे २,३०० वान, म्हणजे २ कोटी ३० लाख. क्लासमध्ये भाजीचे भाव येतात, फार तर पगार येतो. त्याऐवजी जनगणनेचे आकडे मोठ्याने वाचायला लावा. २०११ ची महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार, सांगा पटकन. एक यी, एक हजार दोनशे सदतीस वान, आणि वर थोडे. डोक्यात आधी इंग्रजीत मिलियन करणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत प्राध्यापक पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात.

तैवानात भर म्हणून सनावळीही वेगळी. १९१२ हे पहिलं वर्ष. तासाला कुणी म्हणतं, 'वर्ष ३८ ते ७६'. म्हणजे १९४९ ते १९८७, लष्करी कायद्याचा काळ. इसवी सनातून १९११ वजा करायचे. शके आणि संवत बघत वाढलेल्या आपल्याला हे जड जाऊ नये, पण आधी कुणी सांगितलेलं हवं. घटनांची नावंसुद्धा आकड्यांतच. 'अर-अर-पा', दोन-दोन-आठ, म्हणजे २८ फेब्रुवारी १९४७ नंतरचं दडपण आणि हत्या. 'चिउ-अर-यी', नऊ-दोन-एक, म्हणजे २१ सप्टेंबर १९९९ चा भूकंप, ज्यात दोन हजार चारशेहून अधिक माणसं गेली. 'सान-यी-पा' म्हणजे १८ मार्च २०१४ ला विद्यार्थ्यांनी संसदेत शिरून सुरू केलेलं आंदोलन. प्राध्यापक नुसता आकडा उच्चारतात आणि पुढे जातात. वर्गातल्या कुणाला खुलासा लागत नाही. '२६/११' म्हटल्यावर आपल्याला लागतो का?

आता हाताचं. सहामाही परीक्षेत उत्तरपत्रिका कोरी असते आणि लिहायचं असतं पेनाने. इथली मुलंही मोबाइलमुळे अक्षरं विसरतात, पण ती विसरतात एखाद-दुसरं. आपल्याला ओळखता येणारी अक्षरं हजार आणि हाताने काढता येणारी त्याच्या पाव, अशी स्थिती असते. श्रुतलेखन तुम्ही पहिल्या दोन महिन्यांत घेता आणि मग वेळ जातो म्हणून सोडून देता. सोडू नका. रोज दहा अक्षरं, कंटाळा येईल इतकी. लहानपणी शुद्धलेखनाच्या वह्या भरून घेतल्या म्हणूनच आज आपण मराठी लिहितो, आणि तेव्हाही आपल्याला ते आवडत नव्हतंच.

इथवर जे मागितलं ते सगळं कष्टाचं. पुढचं मागणं मात्र तुमचे कष्ट वाचवणारं आहे, आणि त्याच्यावरच मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

तुम्ही मँडरिनचे उच्चार इंग्रजी अक्षरांतून शिकवता. पिनयिन यायलाच हवं, त्याशिवाय गत्यंतर नाही. पण मराठी मुलाला बी, पी, डी, टी यांच्या आधाराने चिनी उच्चार शिकवणं म्हणजे नाशिकहून पुण्याला जायला मुंबईचा वळसा. पिनयिनमधला 'बी' हा आपला ब नव्हेच, तो अल्पप्राण प आहे. 'पी' म्हणजे महाप्राण फ, ओठ मिटून म्हटलेला. 'डी' म्हणजे साधारण त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. इंग्रजी शाळेतला पोरगा 'बी' बघून ब म्हणतो आणि 'पी' बघून हवा न सोडता प म्हणतो, आणि त्याचा तो प चिनी कानाला 'बी' वाटतो. जेवण झाल्यावर 'माझं पोट भरलं' म्हणायचं तर 'वो पाओ ल'. 'मी पळाले' म्हणायचं तर 'वो फाओ ल'. सूरही दोन्हीकडे तोच. फरक फक्त प आणि फ चा, जो आपल्याकडचं पाच वर्षांचं पोरही कधी चुकत नाही. हा फरक तुम्ही आम्हाला 'तोंडासमोर कागद धरा, हलला पाहिजे' असं करून शिकवलात, का तर परदेशी पुस्तकात तसं लिहिलंय म्हणून. अहो, ज्या भाषांत हा फरक नाही त्यांच्यासाठी तो कागद आहे!

मराठीकडे तर हिंदीपेक्षाही एक गोष्ट जास्त आहे. आपले च दोन आहेत. 'चार'मधला वेगळा, 'चाक'मधला वेगळा. पिनयिनच्या 'जे'ला 'चार'मधला च चालतो, 'झेड'ला 'चाक'मधला. माझ्या वर्गातले युरोपीय सहाध्यायी हे दोन उच्चार वेगळे काढायला धडपडतात आणि मला ते फुकट मिळालेत. पण हे मला इथे येऊन, तैवानची बोपोमोफो लिपी शिकताना कळलं. ३७ चिन्हांची ही लिपी तैवानात पहिलीतल्या मुलांना अक्षरांच्या आधी शिकवतात, आणि इथल्या बहुतेकांच्या मोबाइलवर टायपिंगलाही तीच असते. तिची सुरुवात बघा: प, फ, म आणि फॅनमधला फ. मग त, थ, न, ल. मग क, ख, ह. ओठ, दात, कंठ! आपली वर्णमाला कंठापासून ओठांकडे येते, ही ओठांपासून कंठाकडे जाते. ज्याने क ख ग घ पाठ केलंय त्याला ही लिपी दोन संध्याकाळींत येते. कृपा करून एकदा फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहा आणि मुलांचे चेहरे बघा. मराठी माध्यमातली जी मुलं इंग्रजी कच्चं म्हणून तुमच्या क्लासमध्ये मागे बसतात, ती या तासाला पुढे येतील.

बोलण्याबद्दल एवढंच, की परीक्षेतले संवाद विमानतळ, डॉक्टर आणि वाढदिवस यांपलीकडे जात नाहीत. विद्यापीठात लागणारी वाक्यं निराळी: 'सर आत्ता जे म्हणाले त्यात मला थोडी भर घालायची आहे', 'हा मुद्दा मला नीट कळला नाही, पुन्हा सांगाल का', 'मी तिच्याशी सहमत आहे, पण'. ही वीस-पंचवीस वाक्यं घोटून घ्या. इथे प्राध्यापकांनी 'काही प्रश्न?' विचारलं की वर्ग चिडीचूप असतो आणि तास संपल्यावर त्यांच्या टेबलापुढे रांग लागते, हेही सांगा; भर वर्गात हात वर करायची भीती वाटत असेल तर त्या रांगेत उभं राहावं. गटाने सादरीकरण करायचं असतं तेव्हा सगळी चर्चा 'लाइन' या मेसेजिंग ॲपवरच्या ग्रुपमध्ये, रात्री, अर्ध्या शब्दांत आणि स्टिकरांत होते. परदेशी मुलीच्या वाट्याला हमखास येणारं काम म्हणजे स्लाइड सजवणं. ते दयेपोटी देतात, पण ते घेतलं की सत्रभर तेवढंच मिळतं. पुढच्या वेळी मी आधीच सांगितलं की प्रश्नोत्तरं मी घेणार. तयारीला वरच्या वर्गातली एक मुलगी बसली, जिला इथे 'श्युए-च्ये' म्हणतात, शिक्षणातली ताई. अशा ताया जवळपास प्रत्येक विभागात असतात. त्यांना पहिल्या आठवड्यात गाठायचं, नवव्या आठवड्यात नाही.

एक वेगळा पण गंभीर विषय. तुमच्याकडे चीनला एमबीबीएसला जाऊ बघणारी मुलं येतात. त्यांना स्पष्ट सांगा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातलं वैद्यकीय शिक्षण इंग्रजी माध्यमातून, किमान ५४ महिन्यांचं आणि त्याच संस्थेतल्या १२ महिन्यांच्या इंटर्नशिपसह झालेलं हवं. चिनी माध्यमातून डॉक्टर झालेल्याला भारतात परवाना मिळणार नाही, मग त्याची मँडरिन कितीही उत्तम असो. आणि इंग्रजी माध्यम असलं तरी रुग्ण चिनीतच बोलतो, म्हणून भाषा शिकावी लागतेच. बीजिंगच्या भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये पत्रक काढून सांगितलं की २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकलेल्या ४०,४१७ जणांनी भारतातली पात्रता परीक्षा दिली, त्यातले ६,३८७ पास झाले. एजंट हा आकडा सांगत नाही. तुम्ही सांगू शकता, कारण ॲडमिशनमागे तुम्हाला काही मिळत नाही. ज्यांना मिळतं त्यांनी हे पत्र इथेच बाजूला ठेवावं.

आपल्याकडे मँडरिनच्या पहिल्या तासाला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतंच. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. मैत्री, त्याग वगैरे आपण ऐकतो. मला मात्र आता वेगळ्याच गोष्टीचं अप्रूप वाटतं. जाताना चिनी न येणारा हा माणूस काही वर्षांत चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून शस्त्रक्रिया शिकवत होता. ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा वय होतं ३२. त्यांच्याकडे कुठली पातळी होती? जखमी सैनिक समोर होते, ऐकणं आणि बोलणं टाळता येण्यासारखं नव्हतं. कोटणीसांची गोष्ट सांगायचीच तर हा भाग सांगा. मैत्रीची भाषणं मुलं यूट्यूबवर ऐकतात.

हे सगळं चाळीस तासांच्या कोर्समध्ये बसत नाही, हे मला कळतं. म्हणून सगळ्यांसाठी मागतही नाही. चौथी पातळी झालेल्या आणि परदेशी वर्गात बसायला निघालेल्या मुलांसाठी दोन-तीन महिन्यांची वेगळी बॅच काढा. फी जास्त घ्या, देतील. क्लासमध्ये चौघंच जमली तर दोन-तीन क्लास मिळून एक बॅच करा, पुण्यात तुमचे क्लास एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, फक्त तुम्ही एकमेकांशी बोलत नाही. आणि जाहिरातीत 'चौथी पातळी म्हणजे परदेशी प्रवेश नक्की' असं छापणं थांबवा. प्रवेश मिळतो. प्रवेश मिळणं हा कधीच प्रश्न नव्हता.

चांद्र नववर्षाच्या सुट्टीत मी पुण्यात असते. कुणाला अशी बॅच काढायची असेल तर त्या दिवसांत एखाद्या रविवारी मी यायला तयार आहे, मानधन नको. दोन रकान्यांची शब्दयादी माझ्याकडे अर्धी झाली आहे, ती घेऊन येईन. मुलांना येताना चौकोनी घरांची वही आणि पेन आणायला सांगा. मोबाइल दाराबाहेर.

तुमची विद्यार्थिनी,
तैपेईहून